आतून बसवलेलं कौल

ती. सौ. वन्सं यांना,
धाकट्या भावजयीचा मनापासून नमस्कार.

पत्र हाती पडेल तेव्हा उभ्या असाल तर बसून घ्या, आणि बसलेल्या असाल तर तशाच बसून राहा. घाबरण्यासारखं काही घडलेलं नाही. (हे वाक्य वाचलं की माणूस हमखास घाबरतं, मला कळतं, पण दुसरी सुरुवात सुचेना.) भाऊजींची दाढ काढून झाली, की ती अजून हलते आहे आणि ते दिवसभर जिभेनं तिची विचारपूस करताहेत? तुमचा खांदा आता वर जातो का? इकडे आम्ही बरी आहोत, आणि आमच्यात सगळ्यात बऱ्या आई आहेत. एवढंच सांगायला हे पत्र. पण ‘एवढंच’ जरा लांबणार आहे.

सोमवारी मी तुम्हाला पाठवलेलं पत्र मिळालं, हे तुमच्या उत्तरावरून कळलं. चौथ्या दिवशी उत्तर! मी लिहिलं होतं की आई पडल्या पडल्या वर बोट दाखवून आकडे मोजतात, स्वतःशी पुटपुटतात, मधूनच “वरच्याला सैल करा रे,” म्हणतात, आणि वरच्याला म्हणजे कोणाला हे विचारायचा मला धीर होत नाही. (मला वाटलं, देवाला.) त्यावर तुम्ही मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतलीत आणि पुढच्या रविवारी येऊन आईंना कायमचं घेऊन जाते, असं कळवलंत. तुमचं काही चुकलं नाही, चुकलं माझंच. पत्र पेटीत टाकल्यावर तासाभरातच मला कसंतरी व्हायला लागलं, आणि मी तर टपाल कचेरीतच कामाला, पेटी रिकामी केली तेव्हा समोर उभी. पण आमचे पोस्टमास्तर म्हणाले, “बाई, पेटीत पडलं की पत्र घेणाऱ्याचं. तुम्ही आता फक्त शिक्का मारायचा.” मारला. नीट उमटला नाही म्हणून पुन्हा एकदा मारला. तेव्हा आता पहिल्यापासून सांगते, कारण मागच्या पत्रात मी शेवटाकडूनच सुरुवात केली होती.

आईंची कंबर धरली आणि डॉक्टरांनी तीन आठवडे कडक पलंगावर उताणं निजायला सांगितलं, ते तुम्हाला ठाऊक आहेच. आम्ही त्यांना मागच्या खोलीत हलवलं, कारण तिथून न्हाणीघर जवळ. पुढच्या खोल्यांना फळ्यांचं छत आहे, मागच्या खोलीला नाही. तिथे वर पाहिलं की वासे, वाशांवर आडव्या ठोकलेल्या रिपा आणि रिपांना अडकवलेली कौलं, एवढंच दिसतं. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या झाडाची फांदी छपरावर पडली आणि एक कौल फुटलं. अख्ख्या छपरातून नेमकं पलंगावरचं! दिवसा त्या भोकातून उन्हाचा एक तुकडा आईंच्या अंगावरून सरकत जायचा, आणि पाऊस आला की थेंब थेट नडगीवर. पलंग हातभर सरकवला, खाली बादली ठेवली. आई एका अक्षरानं कुरकुरल्या नाहीत, तेव्हाच खरं म्हणजे मला शंका यायला हवी होती.

कौलं परतणारा मिस्त्री बोलावला. तो आत आलाच नाही. रस्त्यावरूनच कपाळावर हात धरून छप्पर न्याहाळलं आणि म्हणाला, “एका कौलासाठी चढलो तर उतरेपर्यंत दहा फुटतील. सगळं उतरवून नव्यानं शाकारायचं असेल तर बोलवा.” गेला. मग हे कामाला लागले. तुमचे बंधू नकाशांच्या कचेरीत आहेत, त्यामुळे आमच्या घरात कुठलंही काम आधी कागदावर होतं. (आणि पुष्कळदा तिथेच राहतं.) त्यांनी छपराचा तीन रंगांत नकाशा काढला, फुटक्या कौलावर बाण दाखवून ‘हानीचे स्थळ’ असं सुरेख अक्षरात लिहिलं, बाजारातून दोन नवी कौलं आणली आणि रविवारी सकाळी शिडी लावली. मी शिडी धरली. वन्सं, तुमचे बंधू फार सावकाश चढले, अगदी पाहुण्यांच्या घरात शिरावं तसे. तरी एकदा ‘कट्’ असा आवाज आला. मग बराच वेळ काहीच आवाज नाही, आणि मग पुन्हा ‘कट्’. त्यानंतर ते आढ्यावर दोन्हीकडे पाय टाकून पाव तास नुसते बसून होते. खालून आमच्या कचेरीतला पोस्टमन चालला होता, त्यानं त्यांना नमस्कार केला. त्यांनीही केला, एका हातानं. उतरल्यावर कपडे झटकत म्हणाले, “आता तिन्ही भोकं सलग आहेत. काम उलट सोपं झालं.” मी बारा वर्षं संसार केला आहे. मी फक्त आणखी दोन बादल्या आणल्या.

आणलेली नवी कौलं त्यांनी आईंना दाखवली, आजारी माणसाचं मन रमावं म्हणून. आईंनी हातसुद्धा लावला नाही. लांबूनच म्हणाल्या, “ही बसायची नाहीत. ह्यांची खोबण उजवीकडे आहे, आपल्यांची डावीकडे.” आणि पुन्हा वर बोट करून मोजायला लागल्या. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला ते पत्र लिहिलं.

आता काल काय झालं ते ऐका. बुधवारी डॉक्टरांनी आईंना उठून बसायला आणि घरातल्या घरात फिरायला परवानगी दिली होती. काल मी अर्धी रजा घेऊन तीनच्या सुमाराला घरी आले. तुमचं उत्तर पिशवीत होतं, आभाळ काळंकुट्ट झालं होतं, आणि आईंना तुमच्या येण्याचं कसं सांगावं हे शब्द जुळवत मी मागच्या खोलीचं दार लोटलं. पाहते तर काय, पलंग भिंतीला लागलेला, त्याच्या जागी ह्यांचं नकाशांचं टेबल, टेबलावर स्वयंपाकघरातलं स्टूल, आणि स्टुलावर आई! पदर खोचलेला, चष्मा दोऱ्यानं डोक्यामागे बांधलेला, दोन्ही हात छपरात. मी तोंड उघडायच्या आत वरूनच आवाज आला, “किंचाळू नकोस, माझे हात गुंतलेत. परसातल्या दोन कुंड्यांखाली आपल्याच छपराची उरलेली दोन कौलं आहेत, ती घेऊन ये. आणि धुण्याच्या दगडाशी तू ज्याच्यावर साबण ठेवतेस ते तिसरं.”

वन्सं, बारा वर्षं मी त्या कौलावर साबण ठेवते आहे. ते कौल आहे, हे मला काल कळलं.

धावत जाऊन आणली, तोवर त्यांनी पहिलं फुटकं मोकळं केलं होतं. मी विचारलं, “आई, तुम्हाला हे येतं?” म्हणाल्या, “नाही गं. पण तीन आठवडे दुसरं होतं काय बघायला?” आणि मग त्यांनी मला करत करत समजावलं. एरवी त्यांचं समजावणं मला कधी सोसत नाही, (भाजी चिरण्याच्या बाबतीत तर मुळीच नाही,) पण काल मी तोंडाचा आ करून ऐकत होते. प्रत्येक कौलाच्या पाठीला एक दात असतो, तो रिपेला अडकतो. वरच्या कौलाची कड खालच्यावर बसलेली असते. म्हणून वरच्याला आतून तळहातानं जरासं उचलायचं, की खालचं आपोआप सैल होतं. मग ते तिरकं करून दोन वाशांमधून खाली घ्यायचं, आणि नवं त्याच वाटेनं तिरकं बाहेर घालून, वळवून, दात रिपेवर ठेवायचा. छपरावर चढायचं कामच नाही. चढायचं म्हणूनच तर फुटतात! ‘वरच्याला सैल करा’ म्हणजे हे. मी देवाला मध्ये आणलं होतं.

मला सगळ्यात आवडलं ते त्यांनी पुढे सांगितलं ते. तुम्हाला आठवत असेल, तुम्ही शाळेत होतात तेव्हा आई छापखान्यात खिळे जुळवायच्या. माझं लग्न झालं तेव्हा तो छापखाना बंद पडलेला, त्यामुळे मी हे कधी पाहिलं नाही. त्या म्हणाल्या, पानात एक अक्षर चुकलं म्हणून कोणी पान मोडत नाही. शेजारचं किंचित सैल करायचं, चुकलेलं काढायचं, बरोबर बसवायचं, पुन्हा आवळायचं. आणि सगळं उलटं वाचायचं. एकोणतीस वर्षं उलटी अक्षरं वाचल्यावर छप्पर उलट्या बाजूनं वाचायला काय लागतं? हे त्या बढाईनं नाही सांगत होत्या, वन्सं. मनगटावरून काळी धूळ ओघळत होती, केसांत कोळिष्टकं, आणि बोटं मात्र अशी हलत होती की मला माझ्या हातांची लाज वाटली. पहिलं कौल बसलं तेव्हा ‘किच्च’ असा बारीक आवाज झाला. दुसऱ्याला पावसाचे थेंब सुरू झाले. तिसरं, साबणाचं, जरा अडलं. त्याच्या खोबणीत बारा वर्षांचा साबण घट्ट बसला होता. आईंनी अंबाड्यातला आकडा काढला, खोबण कोरली, वरून तोंडावर पाणी येत असताना, आणि ते बसवलं. मग म्हणाल्या, “आता उतरव मला.”

उतरल्यावर पेलाभर पाणी प्यायल्या आणि पलंग जागेवर लावायला सांगितलं. बरोबर त्याच जागी, हातभरही इकडे तिकडे नाही. बाहेर पाऊस नुसता कोसळत होता. आम्ही दोघी पलंगावर शेजारी शेजारी उताण्या पडून वर बघत राहिलो. एक थेंब आला नाही. मी मोजायला लागले, तर त्या म्हणाल्या, “एकशे चौऱ्याऐंशी आहेत. त्यांतली सहा ह्या वर्षी जातील.” आणि ती सहा कुठली, तेही दाखवलं.

हे घरी आले, वर पाहिलं, बूट काढायचे विसरून तसेच उभे राहिले. मग त्यांनी नकाशा आणला आणि ‘हानीचे स्थळ’ खोडून तिथे तारीख आणि ‘सौ. मातोश्री’ असं लिहिलं. (आईंनी ‘सौ.’ काढायला लावलं.) आज सकाळी मिस्त्रीही चौकशीला आला. आत येऊन, मान मागे टाकून बघत राहिला. “आतून?” म्हणाला. मग आईंना विचारलं, कामाला येता का. तो थट्टा करत होता असं ह्यांना वाटतं. मला तसं वाटत नाही.

भाऊजींना नमस्कार. उत्तराची वाट पाहते.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. डॉक्टरांची वेळ तेवढी रद्द करा. ज्या बाईला एकशे चौऱ्याऐंशी कौलं तोंडपाठ आहेत, तिच्या डोक्याचं ते काय तपासणार?

आणखी ता. क. खरं म्हणजे हे एवढं पत्र मी एका ओळीसाठी लिहिलं, आणि तीच लिहायची राहिली. वन्सं, आईंना नेऊ नका. बारा वर्षांत मी तुम्हाला त्यांच्या किती तक्रारी लिहिल्या ते मला माहीत आहे, आणि त्यातली एकही खोटी नव्हती. पण दिवसभर शेकडो लोकांची पत्रं हातांतून गेल्यावर मी घरी येते, तेव्हा ‘आज काय काय झालं गं’ असं विचारणारं माणूस घरात एकच आहे. हे विचारत नाहीत. ते ऐकतात, पण विचारत नाहीत. तुम्ही या, महिनाभर राहा. मात्र जाताना एकट्या जा.

हे अक्षर माझं आहे, ओळखलं असशील. सूनबाई पत्र टेबलावर उघडं टाकून दुकानात गेली आहे. जन्मभर खिळे जुळवलेल्या बाईसमोर मजकूर उघडा ठेवला, तर तिनं काय डोळे मिटायचे? सगळं खरं लिहिलंय, फक्त एक गाळलंय. त्या स्टुलाचा एक पाय आखूड आहे. मला वर चढेपर्यंत ते आठवलं नव्हतं. ही टेबलावर चढून त्याच्याखाली स्वतःच्या पायाचा अंगठा देऊन उभी होती, एक हात माझ्या गुडघ्यांभोवती, दुसऱ्या हातानं कौलं देत. अंगठ्याचं नख काळंनिळं झालंय, आणि मला म्हणते, दारात ठेचकाळले.

दुसरं असं, की डॉक्टरांची वेळ रद्द करू नकोस. पहिल्या आठवड्यात दोनदा मी हिला तुझ्या नावानं हाक मारली, आणि एकदा तुझे बाबा अजून कसे आले नाहीत म्हणून वाट पाहत बसले. हिनं ते तुला कळवलं नाही. कौलं मी मोजायला घेतली ती डोकं जागेवर राहावं म्हणून; बसवायचं नंतर सुचलं. तेव्हा मी येईन, तपासून घेईन, आणि परत इथेच येईन. बरोबर ही हवी. रजा मिळणार नाही म्हणेल. तिच्या त्या पोस्टमास्तरांकडे उद्या मी स्वतः जाते आहे.

आई