डब्यावरचं नाव

५ फेब्रुवारी १९७३, सोमवार

अजून इथेच! आठ दिवसांत नगर सोडायचं म्हटलं होतं, आज बारा झाले. घरातून, काष्टीहून निघाल्याला तीन वर्षं झाली. तंबूच्या मेखा ठोकल्या, रसवंतीवर राबलो, ट्रकवर क्लीनर झालो. महिन्यावर कुठे टिकलो नाही. पण दानीएल मिस्त्रींचं गॅरेज सुटत नाही. मनमाड रोडला, सावेडीच्या अलीकडे एक शेड. मिस्त्री लष्करातले. पेट्रोलच्या जुन्या गाड्यांत डिझेल इंजिनं बसवतात.

आज कारभारीअण्णा आले. त्यांची लांबलचक टॅक्सी — वरून विलायती, पोटात ट्रॅक्टरचं थकलेलं इंजिन. शिर्डीच्या फेऱ्या करते. इंजिनाच्या पोटातला तेलकट धूर ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनाच्या श्वासाच्या नळीतून खाली पडतो आणि पायाखालच्या फळीच्या भोकांतून गाडीत शिरतो. "बाया राहुरीलाच ओकाया लागत्यात, मिस्त्री! दर्शनाला नेतो का मसनात, कळंना!"

मी म्हटलं, नळीत चिंधी कोंबू. मिस्त्री चष्म्यावरून बघत राहिले. "तुझं वरचं-खालचं बांधून तुला जेवाया बसवू का, कानिफ्या? इंजिनाला ढेकर देऊ द्यावी लागती. न्हाई तर रबरी सीलं फोडून तेल भाईर येतं."

७ फेब्रुवारी

डबा झाला! ऑइलचा रिकामा पत्र्याचा डबा, आत लेथवरचा लोखंडी कीस, खाली एक तोटी. धूर डब्यात जातो, किसाला तेल चिकटतं, ठिबकून तळाशी साचतं. उरलेली हवा दुसऱ्या नळीने इंजिनाच्या हवेच्या तोंडात. म्हणजे धूर गाडीत नाही, इंजिनच गिळतं. मिस्त्रींना ही दुसरी नळी उघड्यावर सोडायची होती. अण्णाच हटून बसले — "वास आजाबात नगं."

मिस्त्रींनी मला बजावलं, दोनदा. "हे इंजिन लई तेल वकतंय. रोज सकाळी तोटी सोडून डबा रिकामा करायचा. डबा भरला तर इंजिन त्येच तेल ओढून घील अन् उधळंल. मग डिझेल तोडलं तरी थांबायचं न्हाई. हवंचं तोंड दाबलं तरच."

मग ब्रश दिला. लष्करातली रीत म्हणे — ज्याचं काम, त्याचं नाव. मी डब्यावर पांढऱ्या रंगात लिहिलं: रोज रीकामा करने — कानिफ.

"शाळा किती?"

"सातवी. अर्धी."

"कुठली अर्धी? दीर्घाची का?" पोट धरून हसले.

९ फेब्रुवारी

अण्णा पहाटे सहाला इथे थांबतात, मी तोटी सोडतो. रोज पेलाभर काळं तेल! अण्णांना डबा वासापुरताच वाटतो. वास गेला. स्टँडावरचे आणखी चौघे टॅक्सीवाले डबा बसवून घेणार आहेत. मिस्त्री शीळ घालत होते.

१२ फेब्रुवारी, सोमवार

पाणाड्या आलाय! सावेडीत एका मळ्यात. तळहातावर नारळ आडवा ठेवून चालतो, पाण्यावर आला की नारळ उभा राहतो — खरंच राहिला! मागे शंभर माणूस. विहिरी आटल्यात, कोण नाही येणार? पहाटेपासून त्याच्या मागे होतो. परतलो तेव्हा अण्णांची गाडी गेलेली.

१३ फेब्रुवारी

आजही राहिलं. त्यांनी खणायला सुरुवात केली. बांधावरून हॉर्न ऐकला, दोनदा. मग अण्णा निघून गेले. मिस्त्री आठला आले. "डबा केला?" म्हटलं, केला.

१४ फेब्रुवारी

वीस फूट. नुसता मुरूम. डबा आजही राहिला. उद्या नक्की.

१५ फेब्रुवारी, गुरुवार



पहाटे अण्णांनी मला गाडीतच ओढलं — "चल, गुरुवार हाय, गर्दी लई, सामान बांधू लाग." चार बाया आधीच दाटीवाटीने बसलेल्या. तोटी सोडू म्हणालो तर "तीन दिस काय करत हुतास?" म्हणतील. गप्प बसलो. वाटलं, राहुरीला थांबेल तेव्हा हळूच करू.

विळद घाटाच्या अलीकडच्या चढावर गाडीने नाक वर केलं आणि इंजिनाचा सूर बदलला. चढाला धापा टाकणारं इंजिन आपसूक किंचाळायला लागलं. अण्णांनी पाय काढला, बंद करायची दांडी ओढली — काही नाही! मागे पांढऱ्या धुराची भिंत. "आग लागली!" कोणीतरी ओरडलं. झुंबरबाई म्हणून एक म्हातारी होती, माझ्याशेजारी. तिने दार उघडलं आणि उडी मारली.

गाडी कडेला घासत थांबली, इंजिन उधळलेलंच. मी सीटची गादी उपसली, बॉनेट उघडलं आणि हवेच्या तोंडावर गादी दाबून पडलो. इंजिनाने गादी ओढून धरली, आचका दिला आणि मेलं. तोंडासमोर डबा. तेलातून माझं नाव दिसत होतं.

झुंबरबाईचं मनगट मोडलं. दगडावर बसून हात मांडीवर धरलेला. मलाच म्हणते, "भाजलं का रं, लेकरा?"

दुपारी ट्रकने गाडी ओढून आणली. स्टँडावरचे सगळे जमले. अण्णा सांगत होते, "ह्यो पोरगा नसता तर पाचीजण गेल्तो!" कोणीतरी माझ्या हातात चहा दिला. मिस्त्री बॉनेटखाली गेले, डबा सोडवला, पोत्यात गुंडाळून कोपऱ्यात ठेवला.

"हे डब्याचं काम कुणाचं?" जमलेल्यांतल्या एकाने विचारलं.

"माझं," मिस्त्री म्हणाले.

मी चहा प्यालो. सगळा प्यालो.

१६ फेब्रुवारी

चौघांपैकी कोणी आलं नाही. त्यातल्या एकाने जाताजाता हाक मारली, "काय मिस्त्री, फटाक्याचा कारखाना काढला व्हय?" मिस्त्री पाने पुसत बसले. कालच पुसलेले.

१७ फेब्रुवारी, शनिवार

अण्णा आले. सोमवारी स्टँडावर सगळे बसून ठरवणार — मिस्त्रींकडे कोणी गाडी न्यायची नाही. वर मला म्हणाले, "तू कशाला ऱ्हातोस ह्या म्हाताऱ्याबरूबर? माझ्या गाडीवर ये."

मिस्त्रींनी ऐकलं. मला एवढंच म्हणाले, "जेवलास का?"

डबा अजून पोत्यातच आहे. मिस्त्री तेल पुसतील तेव्हा नाव दिसेल. मग "केला" म्हणालो होतो ते आठवेल. उद्या रविवार, ते चर्चला जातील. कानशीने नाव घासून टाकायचं आणि साडेनऊची काष्टीची एस.टी. धरायची. ठरलं.

१८ फेब्रुवारी, रविवार

मिस्त्री गेले. पोतं सोडलं. डबा धुतलेला, कोरडा. तोटी स्वच्छ. पुढच्या बाजूला चार बोटं पत्रा खरवडलेला — अक्षरं नाहीत. कोणीतरी आधीच घासलीत. कानशीच्या दात्यांत पांढरा रंग अडकलेला.

मिस्त्रींनी गुरुवारीच घासलं असणार. त्या पत्र्यावर आता गंजाचे ठिपके धरलेत.

रंग-ब्रश बाहेर काढला. 'रिकामा' ऱ्हस्व की दीर्घ ते आठवेना. नुसतं नाव लिहिलं.

साडेनऊ होऊन गेले. डबा घेऊन स्टँडावर चाललोय. टॅक्सीच्या. रंग ओला आहे, कडेने धरतो.