बाबांचं रक्त साफ निघालं

ता. गोंडपिपरी,
१२ सप्टेंबर १९८६

आदरणीय लटारूभाऊ यांस धाकट्या आतेभावाचा, गुणवंताचा, सप्रेम जयभीम. तुमची आणि वहिनींची तब्येत ठीक असेल असं धरून चालतो, कारण आमच्या घरात ठीक असलेलं माणूस एकच उरलंय, ते म्हणजे तुमची आत्या, माझी माय, आणि सगळा त्रास तिचाच आहे.

पंधरा दिवसांपूर्वी बाबा धानाच्या बांधीत पडले. डावा हात, डावा पाय गेला, तोंड वाकडं झालं. पडल्यामुळे डोक्याला मार लागला, की डोक्यात आधी काही बिघडलं म्हणून पडले, हे कोणालाच ठाऊक नाही. (शेजारचे मुखरूभाऊ तिथंच होते, पण ते बैलाकडे पाहत होते.) दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, शीर तुंबली असेल तर रक्त पातळ करायचं औषध देता येईल, फुटली असेल तर तेच औषध जीव घेईल. नागपूरला डोक्याचे फोटो काढणारी मशीन आलीय, तिच्याशिवाय कळणार नाही. मी विचारलं, रक्तावरून नाही का कळत? मेंदूला इजा झाली की त्यातलं काहीतरी रक्तात उतरतं, त्यावर परदेशात शोध सुरू आहे, पण आपल्याकडे कधी येईल सांगता येत नाही, एवढं बोलून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

आता माझं दुर्दैव ऐका. अठरा वर्षं मी मलेरियाचा माणूस म्हणून दारोदार बोटं टोचत फिरतोय. लोक सहजी बोट देत नाहीत, म्हणून प्रत्येक दारात सांगत आलो, रक्तात सगळं दिसतं. मायनं तेवढंच लक्षात ठेवलं. बाबा पडले त्याच दुपारी तिनं मला त्यांचं बोट टोचायला लावलं. (नियमाप्रमाणे डाव्या हाताचं. सुई गेली तरी बाबा हलले नाहीत. मला तिथंच रडू आलं.) रक्ताची काचपट्टी चंद्रपूरला गेली आणि एरवी महिना लावणारा रिपोर्ट नेमका या वेळी आठ दिवसांत आला. मलेरियाचे जंतू नाहीत. झालं, मायनं गावभर सांगितलं, रक्त साफ निघालं.

मी समजावलं, हे फक्त मलेरियाचं आहे. तर म्हणते, "तूच तं सांगे, रक्तात सारं दिसते म्हून. लोकायचं दिसते अन् तुह्या बापाचं नाई दिसत? मंग त्यायले नागपूरले कायले नेतं?" मुखरूभाऊंनी लुळ्या अंगाला कबुतराचं रक्त चोळायला सांगितलंय, तेव्हापासून गावात कबुतर औषधालाही सापडत नाही. बाबा मात्र जो जे सांगेल त्याला मान हलवतात. मी फार खचलोय, भाऊ. घरात माझं कोणी ऐकत नाही.

तुमचा,
गुणवंता

ता. क. तुम्ही तिकडे नागपूरला प्रयोगशाळेत बाटल्या धुता, हे मायला मी कधी कळू दिलेलं नाही. ती तुम्हाला डॉक्टरच समजते. तेव्हा एका कागदावर लाल शाईनं एवढंच लिहून पाठवा: रक्त पाहिलं, पेशंटला ताबडतोब नागपूरला आणा. खाली मोठी सही करा.

आणखी एक. सोबत कापसात गुंडाळून बाबांची आजची काचपट्टी पाठवतोय. तिच्यात डोक्याचं काही दिसणार नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. तरी कोणा मोठ्या डॉक्टरांना एकदा दाखवून पाहा.