वीस मिनिटं पुढचं घड्याळ

रविवार, ७ जानेवारी १९६८
घरात आलं: पितळी पाटी एक, नऊ रुपये. तूप पाव किलो, तीन रुपये. सुके बोंबील, दशरथच्या आईने मढहून पाठवलेले, फुकट.
पाटीवर ‘प्रोफेसर परुळेकर’ एवढंच. अक्षरागणिक पैसे घेतात, म्हणून आद्याक्षरं गाळली. घाटकोपरात दुसरा प्रोफेसर परुळेकर आहेच कुठे?
पहिलाही अजून नाही. हे अकरा वर्षं असिस्टंट प्रोफेसर आहेत. पण कॉलेजात जागा निघाली आहे, इंटरव्ह्यू १९ तारखेला. पाटी नंतर करायला ठेवून वेळ कशाला घालवायचा?

सोमवार, ८ जानेवारी
पंधरावा सोमवार. उपास कडक. (दुपारी दोन केळी. कडकच.)
यांचा विषय कंट्रोल सिस्टिम. म्हणजे काय, असं लग्नानंतर विचारलं होतं. म्हणाले, इस्त्री तापली की आपोआप बंद होते ना, ते. म्हटलं, त्याला पीएच.डी. कशाला? मी बटण बंद करते.
घरातली कंट्रोल सिस्टिम मी. भिंतीवरचं घड्याळ लग्नापासून वीस मिनिटं पुढे ठेवलं आहे. म्हणून हे एकदाही लेक्चरला उशिरा गेले नाहीत. त्यांना पत्ता नाही. श्रेय मला नको, देव बघतो.

गुरुवार, ११ जानेवारी
कळलं की दशरथ तांडेलनेही अर्ज केला आहे. यांचाच विद्यार्थी, वय बत्तीस. यांना म्हटलं, बघा, बोंबील खाऊ घालून गळ टाकतात. हे हसले. म्हणाले, अगं, मीच त्याला अर्ज करायला सांगितला, हुशार आहे पोरगा. अशा माणसाला वर चढवायचं म्हणजे मलाच खांदा पुढे करायला हवा.
बोंबील मात्र उत्तम होते.

बुधवार, १७ जानेवारी
पंचांग पाहिलं. वाट लागली! शुक्रवारी साडेदहा ते बारा काळ चौघडी. इंटरव्ह्यू एकला, मुलुंडला. बसला पाऊण तास. हे म्हणतात साडेअकराला निघतो. म्हणजे ऐन काळात उंबरा ओलांडणार. बारा वाजले की शुभ लागते.
सरळ सांगितलं तर ऐकणार नाहीत. मागे म्हणाले होते, राहू-केतूंना माझं टाइमटेबल दिलेलं नाही.
उपाय सुचला. इथे लिहीत नाही. (घड्याळ.)
त्यांचं मनगटी दुरुस्तीला आहे. कारागीर सात म्हणतो, मी पाचावर अडून आहे. महिना झाला. काटकसर कशी वेळेला उपयोगी पडते!

शुक्रवार, १९ जानेवारी, दुपार
फत्ते. हे आंघोळीला गेल्यावर काटे मागे घेतले, खऱ्या वेळेच्याही अर्धा तास मागे. रेडिओ लावला नाही, वीज वाचली. घरात साडेअकरा म्हणजे बाहेर बारा.
घरात साडेअकरा झाले, दही हातावर घातलं. हे आपले खुर्चीत पेपर वाचत. म्हटलं, निघा ना. म्हणाले, आहे गं वेळ. आणि घड्याळाकडे बघून गालात हसले. कशाला ते कळेना.
शेजारची उत्तरा दारात येऊन म्हणाली, अगं बाई, भाऊजी अजून घरातच? तिला डोळ्यांनी दटावलं. शेवटी घरात बाराला दहा कमी असताना निघाले. उत्तम. शुभ चौघडी चांगली मुरली.

त्याच दिवशी, रात्री
हे जेवले नाहीत.
विक्रोळीला कारखान्याची पाळी सुटली होती, बस अडकली. पोचले तेव्हा सव्वा वाजून गेला होता. दशरथ म्हणे साहेबांपुढे हात जोडून उभा होता, सर येतील, थांबा. चेअरमन म्हणाले, कंट्रोल शिकवणाऱ्याला स्वतःची वेळ कंट्रोल होत नाही? मग दशरथलाच आत बोलावलं.
मी म्हटलं, तुम्ही निघालातच उशिरा. तर म्हणाले, घड्याळ वीस मिनिटं पुढे असतं ना, तेवढी मी रोज मनात वजा करतो. लग्नापासून. तुला बरं वाटावं म्हणून बोललो नाही.
मग बराच वेळ घड्याळाकडे बघत राहिले. मी भांडी घासायला उठले.
म्हणजे वीस मिनिटांची चूक त्यांचीच.

सोमवार, २२ जानेवारी
उद्यापन. पाच शेर कणकेचा चुरमा करायचा असतो, अडीच केला. कबूल केल्याच्या अर्धंच देवानेही दिलं आहे: असिस्टंट प्रोफेसर ठेवलं, नुसतं प्रोफेसर तेवढं केलं नाही.
जागा दशरथला.
हे वर्गात म्हणे किस्सा सांगतात, एका गाडीला दोन ड्रायव्हर, दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. पोरं हसतात. असली विनोदबुद्धी चेअरमनपुढे दाखवायला हवी होती.

रविवार, २८ जानेवारी
काल दशरथची आई सुंदराबाई आली. हातात पेढे आणि चार पापलेटं. यांच्या पाया पडायला वाकली. म्हणाली, बाय, तुज्या सायबानं माज्या पोऱ्याला मानूस केला. हे म्हणाले, छे हो, तुमचा पोरगाच मुळात झकास. अगदी मनापासून म्हणाले. मला माजघरात जावं लागलं. धूर फार झाला होता.
पाटीवाला अक्षरं खोडायचे वेगळे पैसे मागतो. उलटी करून पिठाच्या डब्यावर ठेवली. झाकण झकास बसतं.
घड्याळ यांनी बरोबर वेळेवर लावलं. आज दूधवाला आला तरी माझी आंघोळ व्हायची होती.
गावच्या गुरुजींना टाकायच्या जोडकार्डाचा मजकूर उतरवून ठेवते:
‘साष्टांग नमस्कार. आपल्या पंचांगात चूक नाही, आमच्या घड्याळात होती. यांना प्रोफेसरकीचा योग पुन्हा केव्हा? जागा आता दशरथ रिटायर होईल तेव्हा निघेल, आणि हे त्याच्या चौदा वर्षं आधी रिटायर होतात, एवढीच काय ती अडचण. तिच्यावर एखादं स्वस्तातलं व्रत असल्यास उलट टपाली कळवावे.’