मधली भिंत आज पाडायची नाही

बाळ्या,

मिस्त्री येतील, त्यांना चहा दे. पण स्वयंपाकघराची मधली भिंत आज पाडू देऊ नकोस. घर मोकळं करायचं आपणच ठरवलं होतं, माहीत आहे. तरी थांबव.

मी बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेतेय. सकाळी ते त्या भिंतीला हात लावत बाथरूमकडे निघाले होते. वाटेत मी ठेवलेल्या बादलीवर धडपडले. फारसं लागलं नाही, पण मी घाबरून ओरडले, "दिसत नाही का तुम्हाला?"

"नाही गं," ते म्हणाले. "बरेच दिवस झाले."

आणि आपण त्यांना फरशांचे रंग दाखवत होतो! ते बिचारे "छान, छान" म्हणत होते. तुझ्या उत्साहावर पाणी पडायला नको म्हणून गप्प राहिले म्हणे.

आत्ता चपला चाचपताना त्यांनी हळूच विचारलं, "भिंत गेल्यावर मी कशाला धरून चालू?"

मिस्त्री कुरकुर करतील, करू देत. वेळ पडली तर भिंतीला पाठ लावून बस, पण आम्ही येईपर्यंत तिला हातोडा लागू देऊ नकोस.

ताई