क्लब हे साफ नाकारतो

१ ऑक्टोबर, सकाळी ९
नवा मोसम, नवी वही. हे जाऊन चार वर्षे झाली. क्लबने ह्यांच्याच टेबलावर मला बसवले, त्यालाही चार वर्षे. हे वीस वर्षे संघाच्या याद्या टाइप करत. मी त्याच्या पुष्कळ पुढे गेले आहे. मी माध्यम अधिकारी आहे. पत्रकारांना काबूत ठेवते.
निश्चय: या मोसमात आतली एकही बातमी बाहेर जाणार नाही. पत्रकारांना चहा मिळेल, बिस्किटे बंद. रोज अर्धा तास चालणे.

१ ऑक्टोबर, दुपारी
मोसमाची पहिली पत्रकार परिषद. सात जण आले. एक चष्मेवाला. तीस वर्षे एकच प्रश्न विचारतो, संघाचे मनोबल कसे आहे. दुसरी च्युइंगम. प्रश्न विचारतानाही चघळते. उरलेले पाच वही उघडून भिंतीकडे बघतात आणि चष्मेवाल्याने लिहिले की लिहितात. अशा लोकांच्या हातात पेपर आहेत.
चालणे उद्यापासून.

४ ऑक्टोबर, संध्याकाळी ५
सरावात आमच्या गोलरक्षकाचा उजवा खांदा दुखावला. कोच म्हणाले, बाहेर कळता कामा नये, नाहीतर शनिवारी समोरचे सगळे बॉल त्याच बाजूला मारतील. मी म्हटले, माझ्यावर सोडा.
पाच मिनिटांत पत्रकारांच्या ग्रुपवर खुलासा क्रमांक १: ‘आमच्या गोलरक्षकाच्या उजव्या खांद्याला सरावात दुखापत झाल्याचे क्लब साफ नाकारतो.’
अफवा अजून उठलीसुद्धा नव्हती. उठायच्या आधीच मी तिचा गळा धरला. चष्मेवाल्याचा लगेच मेसेज: आभारी आहे, वहिनी. हा माणूस ह्यांना ओळखायचा, म्हणून मी वहिनी. चार वर्षांत पहिल्यांदा आभार मानले. घाबरलाय.

५ ऑक्टोबर
सातही पेपरांत गोलरक्षकाचा खांदा. ‘उजवा’ हेसुद्धा बरोबर. कोणीतरी आतले फितूर आहे. कोचने पेपर माझ्या टेबलावर आपटले. मी शांतपणे म्हटले, मी कालच बंदोबस्त केला होता. कोणता, ते त्यांनी विचारले नाही. त्या ग्रुपवर क्लबमधले कोणी नाही. तसा माझाच नियम आहे. आपल्या माणसांनी त्या चिखलात पाय का घालावा?

८ ऑक्टोबर
०-३. तिन्ही गोल उजवीकडून.
सामन्यानंतर च्युइंगम कोचला म्हणाली, सर, उजव्या बाजूचं काही सांगाल का? मी म्हटले, वेळ संपली. ती म्हणाली, मॅडम, आत्ताच तर सुरू झाली. मी माइक बंद केला.
नवा नियम: प्रश्न आदल्या दिवशी, लेखी, प्रेस रूमच्या दाराशी ठेवलेल्या पेटीत.

११ ऑक्टोबर
पेटी उघडली. चार चिठ्ठ्या. एकीत मनोबल. एकीत, बिस्किटे का बंद झाली. एक कोरी. चौथी म्हणजे च्युइंगमचा कागद.
हे यांचे डोके. पण एक गोष्ट खरी, आता कोणी काही विचारत नाही. परिषदेत सात जण येतात, चहा पितात, फोनकडे बघत बसतात. चार वर्षांच्या मेहनतीचे फळ.
पाऊल मुरगळल्यासारखे वाटते. चालणे पुढच्या आठवड्यापासून.

१४ ऑक्टोबर
खुलासा क्रमांक ५: ‘कॅप्टन आणि कोच सरावाला वेगवेगळ्या गाड्यांतून आले, यामागे सोमवारचे भांडण आहे, हे क्लब साफ नाकारतो.’
खुलासा क्रमांक ६: ‘सोमवारी भांडण झालेच नव्हते. कोचच्या हातातली बाटली निसटली होती, फेकली नव्हती.’
मुद्देसूद. कोणाला शंका घ्यायला जागाच ठेवली नाही.

१५ ऑक्टोबर
पेपरात भांडण. सोमवार. बाटली.
अंगाचा तिळपापड झाला. मी दारे लावायची आणि घरातल्याच कोणीतरी खिडकी उघडायची.

१६ ऑक्टोबर
अध्यक्ष साहेबांनी बोलावले. म्हणाले, बाई, आपल्याकडे भोक पडलंय, ते शोधा. मी म्हटले, साहेब, भोक माझ्या नजरेतून सुटणार नाही.
अख्ख्या क्लबमधून माझी निवड. लेकीला फोन करून सांगितले. ती म्हणाली, आई, तू जरा कमी बोल म्हणजे झालं. एवढी शिकली, पण आईची किंमत कळत नाही.
संशयित तीन. पट्ट्या बांधणारा फिजिओ. बस चालवणारा. आणि किट काका, जे बावीस वर्षे खेळाडूंचे कपडे-बूट सांभाळतात आणि ड्रेसिंग रूममधला शब्द न् शब्द ऐकतात.

२० ऑक्टोबर
सापळा लावला. तिघांना तीन खोट्या गोष्टी, एकेकट्याला गाठून. फिजिओला सांगितले, मैदानाचे दिवे बदलणार. बसवाल्याला सांगितले, नवी बस येणार. किट काकांना सांगितले, पुढच्या महिन्यापासून जर्सी जांभळी होणार. काका म्हणाले, बाई, जांभळा धुण्यात उतरतो. बस, एवढेच.
आता जी गोष्ट छापून येईल, तिचा माणूस चोर.
दिव्यांची किंवा बसची बातमी फुटली तरी बिघडत नाही. पण जांभळ्या जर्सीची अफवा उठली तर समर्थक खवळतील. म्हणून खबरदारी घेतली. खुलासा क्रमांक १२: ‘पुढच्या महिन्यापासून संघाची जर्सी जांभळी होणार असल्याचे क्लब साफ नाकारतो.’
दोन्ही बाजू भक्कम.

२१ ऑक्टोबर, सकाळी ७
जांभळी जर्सी. सातही पेपरांत. एकाने चित्रसुद्धा काढून छापले आहे.
दिव्यांबद्दल अक्षर नाही. बसबद्दल अक्षर नाही.
सापडला.

२२ ऑक्टोबर
किट काकांना आजपासून घरी बसवले. अध्यक्षांनी कामकाज समितीला तसे सांगितले, मी शेजारी उभी होते. काका म्हणाले, साहेब, माझ्याकडे एकाही पत्रकाराचा नंबर नाही. अध्यक्षांनी माझ्याकडे बघितले. मी म्हटले, नंबर लपवणं काही अवघड नाही.
काकांनी चाव्या माझ्या टेबलावर ठेवल्या. जाताना ओले शर्ट दोरीवर टाकून गेले आणि मला म्हणाले, बाई, दहा नंबरचा शर्ट आटतो, त्याला गरम पाणी लावू देऊ नका.
चोर किती साळसूद असतो, ते आज बघितले.
हे गेले तेव्हा खेळाडूंच्या दंडावरच्या काळ्या फिती काकांनी शिवल्या होत्या. अठरा फिती, हाताने. ती गोष्ट वेगळी. न्याय वेगळा.

२५ ऑक्टोबर
मैदानावर दोघांनी एकमेकांचे बूट घातले. दहा नंबरचा शर्ट पोटाच्या वर आला. ताबडतोब खुलासा क्रमांक १६ आणि १७.

२६ ऑक्टोबर
बूटही छापून आले, पोटही.
काका तर घरी आहेत. म्हणजे त्यांचा आत कोणी साथीदार आहे. टोळी दिसते.

२७ ऑक्टोबर, दुपारी ३
चष्मेवाला माझ्या टेबलाशी आला. पेटीत चिठ्ठी न टाकता. खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, वहिनी, किट काकांना का घालवलंत?
मी म्हटले, तुम्हाला बातम्या पुरवायचे म्हणून. उगाच वेड पांघरू नका.
तो म्हणाला, त्या माणसाने बावीस वर्षांत आम्हाला किती वाजले ते सुद्धा सांगितलेलं नाही. बातम्या तुम्ही देता.
मी म्हटले, तोंड सांभाळून बोला.
त्याने फोन पुढे केला. माझे सतरा खुलासे, एकाखाली एक. शेजारी सतरा कात्रणे. म्हणाला, तुम्ही जे नाकारता ते आम्ही छापतो. खांदा आम्हाला कोणालाच माहीत नव्हता. बाटली तर कोणी स्वप्नातही बघितली नसती. एकदाच चुकलं, जांभळी जर्सी. त्या दिवशी तुम्ही आम्हाला फसवलंत, वहिनी, कसं काय ते कळलं नाही.
मी म्हटले, वेळ संपली. तो गेला. जाताना म्हणाला, काकांचं बघा.
तो गेल्यावर मी माझे खुलासे तारखांसकट कागदावर उतरवले आणि पेपरांची फाइल शेजारी ठेवली. दोनदा ताडून बघितले. तिसऱ्यांदा बघायची गरज नव्हती.
हे असते तर म्हणाले असते, विचारलं कोणी? लग्नापासून दिवसातून दोनदा तरी मला असे म्हणत. बाजारात, पाहुण्यांत, डॉक्टरसमोर. मी फणकारायची. चार वर्षे झाली, आता असे म्हणणारे कोणी नाही.

२८ ऑक्टोबर, सकाळी ११
अध्यक्षांकडे गेले आणि सगळे सांगितले. काका निर्दोष, भोक मीच. त्यांनी चहा संपवला. म्हणाले, समितीला काकांचं सांगून झालंय, आता शब्द फिरवला तर माझी शोभा होईल. राहू दे. तुम्ही फक्त एक खुलासा काढा, काकांच्या जाण्याचा आणि बातम्या फुटण्याचा काही संबंध नाही. म्हणजे त्यांची बदनामी नको.
मोठ्या मनाचा माणूस, असे स्वतःच म्हणाले.

दुपारी १
तो खुलासा टाइप केला. बोट बटणावर ठेवले आणि थांबले. उद्या काय छापून येईल ते पहिल्यांदाच आधी कळले. काकांच्या गल्लीतही तेच वाचले जाईल.
पुसून टाकला. खुलासा क्रमांक १८ नव्याने लिहिला:
‘क्लबच्या बातम्या किट सांभाळणाऱ्या काकांनी नव्हे, तर माध्यम अधिकाऱ्यांनी स्वतःच अजाणतेपणे बाहेर दिल्या, आणि हे कळूनही अध्यक्षांनी काकांना घरीच बसवले, हे क्लब साफ नाकारतो.’
पाठवला. चष्मेवाल्याचा मेसेज आला, नक्की ना? मी लिहिले, साफ नाकारतो.

दुपारी २
अध्यक्ष आधी तापतील. मग शांत डोक्याने विचार केला की माझे कसब त्यांच्या ध्यानात येईल. या सात टोणग्यांना हवे ते छापायला लावणे क्लबमध्ये दुसऱ्या कोणाला जमले आहे? हे हत्यार आजवर उलटे धरले होते, एवढेच. पुढच्या मोसमाची योजना तयार आहे. स्वतंत्र खोली मागणार.

२९ ऑक्टोबर
सातही पेपरांत पहिल्या पानावर. एकाही टोणग्याने शब्द गाळला नाही. समितीने दुपारी तातडीची बैठक घेतली आणि काकांना परत बोलावले. अध्यक्षांनी मला सांगितले, दोन दिवस विश्रांती घ्या. चेहरा तांबडा होता, पण आवाज अगदी मृदू. खोलीची रंगरंगोटी करून घेणार असतील.
काका दाराशी भेटले. मी म्हटले, काका, आलात. ते म्हणाले, चाव्या द्या, बाई. दिल्या. दहा नंबरच्या शर्टाचे काय केलेत, असे त्यांनी विचारले. मी सांगितले. मान हलवत आत गेले.

३० ऑक्टोबर
घरी. लेकीचा फोन. तिने विचारले, आई, तुला काढलं का? मी म्हटले, असं कोणीही म्हटलेलं नाही. तिने जेवलीस का म्हणून विचारले.
पुढच्या मोसमाची योजना, पाने चार. बिस्किटे परत सुरू करावीत, असे वाटते.

३१ ऑक्टोबर, सकाळी ७
पेपर. शेवटून दुसरे पान, कुस्तीच्या निकालाखाली, चार ओळी: ‘माध्यम अधिकाऱ्यांना पदावरून दूर केल्याचे क्लबने साफ नाकारले आहे. प्रकृतीच्या कारणास्तव त्या स्वतःहून निवृत्त झाल्या आहेत, असा खुलासा क्लबच्या नव्या माध्यम अधिकाऱ्यांनी केला.’
कोण हा नवा, कोणास ठाऊक. ‘कारणास्तव’ वगैरे जड शब्द वापरतो. आणि प्रकृतीचा विषय काढलाच कशाला? माझी प्रकृती ठणठणीत आहे.
दोनदा वाचले.
म्हणजे काढले.