दरके, की कुलकचाल?

तेहरान, मंगळवार, १८ मेहर

प्रिय तूरान वन्सं,

सलाम. तुमची तब्येत, तुमचे गुडघे, अंगणातली संत्री सगळं ठीकठाक असेल असं धरून चालते. रश्तला पाऊस लागला असेल. इथे नुसती धूळ. मी बरी आहे. शीवा आणि तिची मुलं बरी आहेत. शेजारणीने पुन्हा स्वयंपाकघराची भिंत फोडायला काढलीय, सकाळपासून डोक्यात हातोडा चाललाय.

फोन का नाही केला म्हणाल. फोन केला की तुम्हाला ऐकू येत नाही, मग सूनबाई स्पीकर लावते आणि माझं एकेक वाक्य तुमच्या कानाशी ओरडून सांगते. मागच्या खेपेला माझ्या पोटाच्या तक्रारी तुमच्या अख्ख्या गल्लीने ऐकल्या. त्यापेक्षा पत्र बरं.

तसं खास काही नाही. एक साधी गोष्ट विचारायची होती. येत्या शुक्रवारी कुठल्या डोंगरावर जाऊ? दरकेच्या बाजूने पलंगचालला, की जमशीदियेच्या बागेतून कुलकचालला?

हसू नका. तेहरानात शुक्रवारच्या सुट्टीआधी हा प्रश्न दर गुरुवारी घरोघर विचारला जातो, मला आयुष्यात पहिल्यांदाच पडलाय. दरके तुम्हाला ठाऊक आहे. ओढ्याकाठची वाट, अक्रोडाची सावली, पावलापावलावर चहाची दुकानं. तुम्ही आला होतात तेव्हा पहिल्याच दुकानात गालिच्यावर बसकण मारलीत आणि हूशंगला म्हणालात, "मला इथेच डोंगर दिसतोय, तुम्ही या जाऊन." कुलकचाल तुम्ही पाहिलेला नाही. तिथे आधी दगडी बाग, मग पायऱ्या, मग नुसता चढ. पाणी नाही, सावली नाही. वर पोचलं की निवाऱ्यावर मसुराची गरम आमटी मिळते आणि खाली सगळं शहर पसरलेलं दिसतं.

आणि शुक्रवारी तुमच्या भावाला, माझ्या हूशंगला, जाऊन तीन वर्षं होतायत. ते तुम्हाला सांगायला नको.

हूशंगच्या मित्रांचा गट अर्थातच दरकेला जाणार. मोसय्यब आका आमचे म्होरके, ते सकाळी चौकात उभे असतात आणि उशिरा येणाऱ्याला चार शब्द ऐकवतात. पलंगचालच्या निवाऱ्यावर चहा आला की ते एक पेला जास्तीचा भरतात, शेजारी साखरेचा खडा ठेवतात. हूशंगचा पेला. मग सगळे माझ्याकडे बघतात. चहा निवला की मी तो झुडपाच्या मुळाशी ओतते. दर शुक्रवारी, तीन वर्षं. कोणी तरी म्हणतंच, "खानम, तुम्ही येता म्हणून आमचा गडी अजून आमच्यात आहे." मी मान हलवते.

म्हणजे खरं तर प्रश्नच नाही, नाही का? दरकेलाच जायला हवं. मग मी का विचारतेय कोण जाणे. भिंतीचा आवाज फार होतोय, उद्या लिहिते.

बुधवार

काल लिहिलेलं वाचून पाहिलं. तुम्ही मला चाळीस वर्षं ओळखता, अर्धं सांगून गप्प बसले तर तुम्हाला उरलेलं कळणारच. तेव्हा सांगतेच.

मी सोमवारीही डोंगरावर जाते. एकटी. वसंतापासून. कुलकचालला. कोणालाच सांगितलेलं नाही, शीवालाही नाही. तिला वाटतं मी सोमवारी दातांच्या डॉक्टरकडे जाते. परवा विचारत होती, "आई, अजून किती दात उरलेत?"

मला दरके कधी आवडलाच नाही, वन्सं. लग्न झाल्यापासून नाही. ते ओले घसरडे दगड, हुक्क्याचा धूर, ती गर्दी. हूशंगला आवडायचा म्हणून मी जायचे, आणि हूशंग मला आवडायचा, त्यामुळे काही बिघडलं नाही. तो गेल्यावर मात्र ते सगळं माझ्याच वाट्याला उरलं. कुलकचालच्या चढावर मला एकदम मोकळं वाटलं. वाटेत भेटणारा प्रत्येक जण "थकू नका" म्हणतो आणि पुढे जातो. कोणाला ठाऊक नसतं मी कोणाची कोण.

तिथे एक गृहस्थ भेटतात. अलीमोराद आका. बुरूजर्दचे. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या आणि आता पायी चढतात. मी त्यावरून चिडवलं तर म्हणाले, "खानम, लिफ्टचा भरवसा काय, हे माझ्याइतकं कोणाला माहीत?" बायको जाऊन बरीच वर्षं झाली. खिशात मीठ बाळगतात, काकडी सोलून अर्धी समोर धरतात. पहिल्यांदा मी आपल्या सवयीने "नको नको, तुम्हीच घ्या" म्हटलं. त्यांनी खरंच खाऊन टाकली. दोन्ही अर्ध्या. मी बघतच राहिले. मग म्हणाले, "डोंगरावर तआरोफ नसतो. हवं तर हो म्हणायचं, नको तर नको." पुढच्या सोमवारी मी लगेच हात पुढे केला.

मला तो माणूस आवडतो. लिहिलं एकदाचं. आता पत्र फाडणार नाही.

झालं असं. परवाच्या सोमवारी आम्ही निवाऱ्याच्या भिंतीला टेकून बसलो होतो. ते म्हणाले, "मुलगी इस्फहानला बोलावतेय. कायमचं. खोलीसुद्धा रंगवून ठेवलीय." मी म्हटलं, "छान." ते म्हणाले, "मनीजे खानम, तुम्ही जाऊ नका म्हणालात तर नाही जाणार. इथेच राहीन, आणि तुमची हरकत नसेल तर तुमच्याजवळ राहीन."

आणि मी काय बोलले असेन? मी म्हटलं, "छे, माझ्यासाठी कशाला? लेकीकडेच बरं. मी कोण हो मोठी लागून गेले!"

तोंडातून आपोआप निघालं. पाहुण्याला फळांचं ताट पुढे करतात तेव्हा निघतं तसं. तीनदा नको म्हणायचं, चौथ्यांदा घ्यायचं, लहानपणापासून हेच. दुसरं कोणी असतं तर आग्रह केला असता. त्यांनी "बरं" म्हटलं, रुमालाची घडी घातली, मिठाची पुडी खिशात टाकली. उतरताना एवढंच बोलले की शुक्रवारी शेवटचं चढणार आहे, शनिवारी सामान निघेल.

त्यांचा नंबर माझ्याकडे नाही. कधी मागितला नाही, सोमवार होताच की. आता सोमवार उरला नाही, फक्त शुक्रवार आहे, आणि शुक्रवार तुमच्या भावाचा आहे.

दोन दिवस घरात येरझाऱ्या घालतेय. चहा करते आणि ओट्यावर विसरते. तुम्हालाच का लिहितेय, दुसऱ्या कोणाला का नाही, तेही कळत नाही. नाही, कळतं. हूशंगची समजूत घालायची झाली की मी आधी तुमच्याकडेच यायचे.

गुरुवार, संध्याकाळ

आत्ताच कबरीवरून आले. हातांना अजून गुलाबपाण्याचा वास येतोय. हलवा मीच केला होता, तुम्ही शिकवलात तसा, केशर जास्त घालून. ढवळताना मी स्वयंपाकघरात मोठ्याने म्हणून बघत होते, "जाऊ नका. जाऊ नका." दोनच शब्द, पण जीभ वळेना. कणीक करपली, दुसरी भाजावी लागली.

मोसय्यब आका आणि त्यांची बायको मेहरी आधीच येऊन बसले होते. मोसय्यब आकांच्या हातात काठी.

मी विचारलं, "ही कधीपासून?"

"ही होय? ही नातवाची."

"तुमचा नातू सहा वर्षांचा आहे."

मेहरीने खजूर बाजूला ठेवला. म्हणाली, "आता सांगून टाका तिला, नाहीतर मी सांगते. अगं मनीजे, वर्षभर हा माणूस शुक्रवारसाठी गुडघ्यात इंजेक्शनं घेतोय. डॉक्टर म्हणतात चढायचं नाही. हा म्हणतो, हूशंगची बायको येते, मी घरी कसा बसू? बाकीच्यांचंही तेच. एकाला दम लागतो, एकाला चक्कर येते. सगळे तुझ्यासाठी चढतात."

मी म्हटलं, "मी तर तुम्ही सगळे येता म्हणून येते."

हलव्यावर मुंग्या यायला लागल्या होत्या. मग मेहरीला हसू फुटलं, तिचं बघून मला, आणि कबरीशी बसून आम्ही दोघी पोट धरून हसलो. पलीकडच्या कबरीवरची माणसं वळून बघायला लागली. मोसय्यब आका मात्र हसले नाहीत. आणि हसता हसता मला रडू कोसळलं. तीन वर्षं तो चहा कोणासाठी ओतला मग? हूशंगला तर निवलेला चहा आवडतही नव्हता. पेल्यावर बशी झाकून ठेवायला लावायचा, तुम्हाला आठवत असेल.

मी म्हटलं, "उद्या घरी बसा, मोसय्यब आका. हूशंग इथे आहे, पलंगचालला नाही."

ते म्हणाले, "उद्याचा दिवस तर यायलाच हवं. पण तुम्ही म्हणाल तसं."

"पुन्हा सुरू झालं यांचं," मेहरी म्हणाली.

म्हणजे उद्या सकाळी ते दरकेच्या चौकात उभे राहणार, गुडघ्यात इंजेक्शन घेऊन, मी येईन म्हणून. घरी आल्यापासून तीनदा फोन हातात घेतला आणि ठेवला. शेवटी केला. मेहरीने उचलला. मी म्हटलं, "मी उद्या दरकेला येणार नाही. ह्या शुक्रवारी नाही आणि पुढच्याही नाही. आका चौकात उभे राहिले तर एकटेच उभे राहतील." ती म्हणाली, "देव तुझं भलं करो," आणि फोन ठेवला. लगेच तिचाच आला. "घरीच बसणार आहेस का?"

मी म्हटलं, "कुलकचालला जायचा विचार आहे."

"एकटी?"

"ते माहीत नाही."

तिने पुढे विचारलं नाही. शनिवारपर्यंत सगळ्या गटाला कळेल, हे मात्र नक्की.

आता इथे बसलेय. बूट दाराशी काढून ठेवलेत. डोंगर दोनच आहेत असं मी तुम्हाला लिहिलं, पण तिसरी जागा हा सोफा आहे, आणि सगळ्यात सोपी तीच. भीती वाटते, वन्सं. ते आलेच नाहीत तर? आले आणि मी पुन्हा "छे, माझ्यासाठी कशाला" म्हटलं तर? आणि तसं नाही म्हटलं, नीट बोलले, ते थांबले, आणि तुम्ही मला दार बंद केलंत तर? रश्तचं ते घर गेलं तर माझं माहेरच गेलं. मला तुमच्याखेरीज कोण आहे सांगा.

एक विनवणी आहे. उत्तर लिहाल तेव्हा तुमच्या-माझ्यात तआरोफ नको. "तुझं तू बघ, आम्हाला आनंदच आहे" असलं काही लिहू नका. राग आला तर सरळ रागवा. भावाची आठवण येऊन माझा तिटकारा आला तर तेही लिहा, मी वाचीन. फक्त खरं लिहा. माझं त्याच्यावर प्रेम होतं, आणि आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे, ते पुन्हा लिहीत नाही.

आमच्या कोपऱ्यावरची टपालपेटी गेल्या वर्षी काढून नेली. दरकेच्या वाटेवर एकही नाही. जवळची पेटी आहे ती जमशीदियेच्या बागेच्या फाटकाशी, कुलकचालचा चढ सुरू होतो तिथे. पाकीट आत्ताच बंद करून बुटात ठेवतेय. घरी बसले तर ते बुटातच राहील आणि तुम्हाला ह्यातलं काही कधी कळणार नाही. हे तुमच्या हातात असेल, तर मी तिथवर पोचले होते.

दर पत्राखाली "हूशंगची मनीजे" लिहिते. आज नुसतं नाव लिहिते, चालेल का ते तुम्ही सांगा.

तुमची,
मनीजे