दुसऱ्या मुलीचं नाव

आबा, आषाढात आई गेली आणि धाकटी आता माझ्याकडे कुरवंड्याला असते. तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं झाली, तेव्हा पुढचं मीच सांगते. आईबरोबर तिची पेन्शनही गेली, आणि तुमच्या पलटणीच्या कागदांत धाकटीला जागाच नाही.

परवा तिला घेऊन पुण्याच्या सैनिक कार्यालयात गेले. दारातल्या खाकी कपड्यांतल्या वॉचमनला तिनं कडक सॅल्यूट ठोकला, तुम्ही शिकवलेला. चव्वेचाळीस वर्षांची बाई, पण अजून कोणी खाकीत दिसलं की तिचा हात कपाळाला जातो. लोक हसतात. मीही पूर्वी तोंड फिरवायचे. टेबलामागचा बाबू स्वतः माजी सैनिक निघाला, बोलण्यावरून आपल्याच मावळातला. त्यानं तुमचं डिस्चार्ज बुक दोनदा चाळलं आणि म्हणाला, "ताई, पोर लहानपणापासून अशी आसंल, कमवून खायाला येत नसंल, तर आई-बापाच्या माघारी तिला जन्मभर पेन्शन मिळती. दवाखान्याचं कार्डबी मिळतं. पण नाव रेकॉर्डला पायजे. हितं एकच मुलगी हाय, आन् ती तुमी."

मग तो जरा हळू बोलला. "लय जणांनी असंच केलं बगा. आसलं पोर कागदावर आणायची लाज वाटायची. तुमच्या वडलांचा एकट्याचा दोष न्हाई." मी मान डोलावली. धाकटी खुर्चीत बसून पदराचं टोक चघळत होती.

तुम्ही आणि कागदांची लाज! आबा, तुमच्याइतका कागद जपणारा माणूस मी पाहिला नाही. खताच्या पिशवीत गुंडाळलेलं डिस्चार्ज बुक, पेन्शनचा हुकूम, बँकेचं पुस्तक, सगळं काळ्या ट्रंकेत आणि किल्ली करगोट्याला. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा दिवस म्हणजे तुमचा सणच. इस्त्रीचा शर्ट घालून पवनानगरहून जीपनं कामशेतला जायचं, तिथल्या बँकेत सही करायची, मग लोणावळ्याच्या फौजी कॅन्टीनमधून साबण, चहापत्ती आणि धाकटीला बिस्किटांचा डबा. दारात आल्या आल्या म्हणायचात, "जिता हाय म्हणून सरकारला सांगून आलो." धाकटी डबा पोटाशी धरून दिवसभर हिंडायची.

मी अंगणवाडीत काम करते. आसपासच्या गावांतली फौजेतनं आलेली माणसं, त्यांच्या विधवा, कागद भरायला माझ्याकडेच येतात. मी त्यांना सांगते की सून आली, नातू झाला, तरी कळवत जा. आणि घरात अधू लेकरू असेल तर त्याचं नाव सगळ्यात आधी घाला, आपण हयात आहोत तोवर घाला, मागाहून कुत्रं विचारत नाही. म्हाताऱ्या बायकांची बोटं भात लावून झिजलेली, यंत्रावर उमटत नाहीत, मग मोबाईलवर चेहरा दाखवून दाखला काढायचा. आईचा मीच काढायचे. फोन म्हणायचा डोळे मिचकव, आणि ती घाबरून गच्च मिटून घ्यायची. लोक म्हणतात, ताईंचं अक्षर कसं टपोरं. हे अक्षर मेलं कुठं कामाला आलं ते तुम्हाला ठाऊक नाही.

तुमच्या शेवटच्या सुट्टीतली दुपार आहे. पेन्शनीवर यायच्या आधी कुटुंबाची माहिती पाठवायची म्हणून तुम्ही इंग्रजी फॉर्म आणलाय. स्वयंपाकघरात चुलीपाशी पाटावर बसून मी भरतेय; मी नववीत आहे. तुम्ही मराठीत सांगताय, मी इंग्रजीत लिहितेय. आईचं नाव झालं, माझं झालं. "आता धाकटीचं घाल," असं म्हणून तुम्ही बैलांना पाणी दाखवायला उठलात. तिच्या ओळीपुढे रकाना होता, काही अपंगत्व असल्यास लिहा. आणि खाली शिक्का मारायचा होता माझ्याच शाळेच्या हेडमास्तरांनी. शाळेत मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की मी एकुलती एक आहे. एक बाई तर म्हणायच्या, एकुलती म्हणून लाडावलीय. मी ती ओळ कोरी ठेवली आणि तिच्यावर आडवी रेघ मारली. तुम्ही आलात, ओले हात धोतराला पुसलेत, म्हणालात, "लिवलं का समदं?" मी व्हय म्हणाले. तुम्ही न बघता सही केलीत.

पुढं तुमची छाती भरली, लष्करी दवाखान्यात तुम्हाला बोलायलाही दम लागायचा, तेव्हा तुम्ही मला जवळ बोलावून विचारलंत, "धाकटीचं नाव हाय न्हवं कागदात? मग मला घोर न्हाई." तेव्हा तरी सांगायचं. अर्ज करता आला असता, तुमची सही मिळाली असती. माझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं, सासरी धाकटीबद्दल मी अजून धड सांगितलं नव्हतं. मी म्हणाले, "हाय, आबा." तुम्ही डोळे मिटलेत. तुमच्या चेहऱ्यावरची ती निश्चिंती मला आजही बघवत नाही.

पुढं दवाखान्याची कार्डं निघाली तेव्हा आईला कळलं. घरी येऊन तिनं तुमचा वर्दीतला फोटो खिळ्यावरनं काढला आणि ट्रंकेत पालथा टाकला. "ज्यानं लेकीला जित्तेपणी पुसली त्याला मी हात जोडायची न्हाई," म्हणाली. पितृपक्षात तुमचं पान वाढणं बंद झालं. मी समोर उभी होते, आबा. जुना फॉर्म बाहेर निघेल म्हणून नाव घालायचा अर्जही मी पुढं ढकलत राहिले. आई गेली ती तुमच्यावरचा राग घेऊनच गेली, आणि मी एकदासुद्धा तोंड उघडलं नाही.

आता धाकटीचं नाव घालायचं तर पुरावे हवेत. ती घरी जन्मली, शाळेत गेली नाही. ग्रामपंचायतीच्या रजिस्टरात नुसतं 'मुलगी' लिहिलंय, नाव नाही. तिच्या फिटच्या गोळ्या चुकवून चालत नाही, आणि मला काही झालं तर तिला भाकरी कोण घालणार, हे मालकांना विचारायची माझी हिंमत नाही. बाबू म्हणाला, धीर धरा, होईल, पण पहिलं प्रतिज्ञापत्र करा. आजवर नाव का नोंदवलं नाही, त्याचं कारण त्यात लिहायचं.

काल कामशेतला जाऊन ते केलं. टाइप करणाऱ्यानं विचारलं, "कारण काय टाकू, ताई?" धाकटी शेजारी उभी होती, माझं बोट धरून.

हे पत्र ट्रंकेत ठेवते, तुमच्या फोटोखाली. फोटो मी सुलटा केलाय, पण भिंतीवर लावलेला नाही. आबा, त्या माणसाला मी सांगितलं, "लिहा, वडिलांनी लाजेपोटी नाव दिलं नाही." आणि टपोऱ्या अक्षरात खाली सही केली.